सासऱ्यांना 'मामंजी' का म्हणायचे? (आणि एका स्वीडिश मावशीची गोष्ट)

गारठलेली_पुणेकर:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

झालं असं की लेकीच्या (वय ५) प्रीस्कूलमधून कागद आला, घरच्या माणसांचं झाड करून आणा. आम्ही तीन वर्षं स्वीडनमध्ये आहोत, माझं स्वीडिश म्हणजे दुकानात भांडता येईल इतपत. मला वाटलं इंग्लिशसारखंच असणार, अंकल आंटी कझिन, दहा मिनिटांचं काम. तर कागदावर चौकोनच चौकोन आणि प्रत्येकाचं नाव वेगळं. आईची आई मुरमुर (लेक हसून हसून लोळली, तिला चुरमुरे वाटले), आईचे बाबा मुरफार, बाबांची आई फारमुर, बाबांचे बाबा फारफार. मामा मुरब्रूर, काका फारब्रूर, आत्या फास्तेर आणि मावशी मुस्तेर. मुस्तेर म्हणजे मुळात 'मुर्स सिस्तेर', आईची बहीण, बोलून बोलून आखडलेलं. मग डोक्यात आलं की आपली मावशी तरी काय, संस्कृतातली मातृष्वसा, तीही आईची बहीणच, ती पण अशीच झिजत झिजत मावशी झाली. म्हणजे मावशी आणि मुस्तेर या तशा चुलत बहिणीच की! (की मावस?)

पण खरा प्रश्न हा नाहीये. शेजारी विजयवाड्याचं कुटुंब आहे, उन्हाळ्यात तिचे सासू-सासरे आले होते. ती सासऱ्यांना मामय्या आणि सासूला अत्तय्या म्हणते. मी विचारलं नात्यातलं लग्न का, तर म्हणे छे, आमच्यात सगळेच असं म्हणतात. आणि मला एकदम माझी पणजी आठवली, तिच्या तोंडी सासऱ्यांसाठी कायम 'मामंजी'. लहानपणी मला तो नुसता आदराचा शब्द वाटायचा, राजेंसारखा. मामंजीतला मामा हा खराच मामा आहे का? आणि असं अजून कुठे आहे का जगात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाळव्याचा_वाघ:

ताई तुमची पणजी बरोबर होती. आमच्याकडं वाळवा-शिराळा भागात अजूनबी जुन्या बायका सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतात, सासूबाई हा शब्द आमच्या आईनं टीव्हीवर ऐकला असं ती स्वतःच सांगते. कारण सरळ आहे, मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. पोरगी जन्मली की आत्या पाळण्यातच सांगून मोकळी, ही माझी सून. आता तसं कमी झालंय पण माझ्या वडलांचं लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशीच झालंय, म्हणजे माझा आजा (आईचा बाप) हा माझ्या बापाचा मामा, आणि माझ्या बापाची आई ही माझ्या आईची सख्खी आत्या. आमच्या घरात झाड काढायला सांगितलं तर झाड नाही, जाळी निघंल.

अर्जुनाचं बघा की. सुभद्रा कोण, वसुदेवाची मुलगी, आणि कुंती वसुदेवाची बहीण. मामाचीच पोरगी पळवली की त्यानं.

शंकासुर:

वाघोबा एक मिनिट. मुलगा मामाची मुलगी करतो तेव्हा *त्याचा* सासरा मामा होतो, हे मान्य. पण मामंजी तर सून म्हणते. सुनेच्या बाजूनं बघितलं तर नवरा तिच्या आत्याचा मुलगा. सासू आत्या झाली, आत्याबाई बरोबर बसलं. पण सासरा? तो तर आत्याचा नवरा, तो मामा कुठून आला?

वाळव्याचा_वाघ:

@शंकासुर आत्याच्या नवऱ्याला तुम्ही काय म्हणता? आम्ही मामाच म्हणतो. तुमच्या पुण्या-मुंबईत सगळ्यांना काका करून टाकलंय म्हणून हा घोळ.

शंकासुर:

अरेच्चा. आम्ही काका म्हणतो खरं. माघार घेतो.

टिंब_टिंब:

छान धागा. आणि शंकासुरांची शंका बरोबर जागी होती, कारण उत्तरातच सगळी गोम आहे.

तमिळ, तेलुगू, कानडीत हे अगदी चोख बसतं. तिथे आईची बहीण ही 'मोठी आई' किंवा 'छोटी आई', वडलांचा भाऊ हा 'मोठा बाप' किंवा 'छोटा बाप', त्यामुळे मावस आणि चुलत भावंडं ही सरळ सख्खीच, लग्नाचा प्रश्नच येत नाही. उरले कोण, आईचा भाऊ आणि वडलांची बहीण. हे दोघं पलीकडच्या बाजूचे. मामा आणि अत्ते ही जोडीच धरायची, मामाची बायको ती अत्ते, अत्तेचा नवरा तो मामा, आणि त्यांची मुलं लग्नाला चालणारी. म्हणून सासरा तो मामा आणि सासू ती अत्ते, खरं नातं असो नसो. कानडीत अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही, मावा म्हणजे मामाही आणि सासराही. शब्दच सांगतो की लग्न कुठल्या घरात व्हायला हवं होतं.

मराठीची गंमत ही की आपले बरेचसे शब्द उत्तरेकडचे, संस्कृत-प्राकृतातून आलेले (मावशी, दीर, नणंद, जाऊ), आणि लग्नाची रीत बऱ्याच समाजांत दक्षिणेची. इरावती कर्व्यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजतर्फे भारतातल्या नातेव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्यात देशाचे नात्यांच्या हिशेबाने चार पट्टे पाडलेत, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. तिथे मामाची मुलगी केलेली चालते पण आत्याची मुलगी करणं बहुतेक ठिकाणी नको असतं. म्हणजे दक्षिणेचं अर्धंच उचललंय आपण. वाघोबा, तुमच्याकडे पण असंच ना?

वाळव्याचा_वाघ:

हो, वेल माघारी फिरवू नये म्हणतात. पोरगी जिकडं दिली तिकडची पोरगी परत आणायची न्हाई.

मराठी_बाणा:

म्हणूनच आपली भाषा श्रीमंत. इंग्रजांकडे काय आहे, सगळे अंकल आणि आंटी. जाऊ, साडू, व्याही, विहीण, यांना शब्दच नाहीत त्यांच्याकडे. नाती जपत नाहीत म्हणून शब्द नाहीत, सिंपल आहे.

मैत्रेयी_क:

@मराठी_बाणा तितकं सिंपल नाहीये हो. जुन्या इंग्लिशमध्ये मामाला वेगळा शब्द होता (एआम) आणि काकाला वेगळा. नॉर्मन लोक आल्यावर फ्रेंचमधून अंकल आणि आंट आले आणि हे हळूहळू मेले. मजा म्हणजे अंकल हा लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आलाय, आवुंकुलुस, त्याचा अर्थ मुळात फक्त मामा. काकाला तिथे पात्रुउस होता, आत्याला आमिता, मावशीला मातेर्तेरा. आमिताचीच फिरत फिरत आंट झाली. म्हणजे इंग्लिशमधला प्रत्येक काका हा मुळात मामा आणि प्रत्येक मावशी ही मुळात आत्या!

जर्मनमध्येही तेच झालं. मी तिथे सात वर्षं काढली, आमची घरमालकीण म्हातारी होती तिला ओहाइम (मामा) आणि मूमं (मावशी) हे शब्द माहीत होते पण फक्त गोष्टीच्या पुस्तकातले म्हणून, बोलताना तीही ओंकल आणि टांटं. इंग्लिश काय जर्मन काय, शब्द गेले म्हणून लोकांनी मामाकडे जाणं सोडलं असं काही नाही.

आणि आपल्याकडे तरी कुठे सगळं आहे. हिंदीत वडलांचा थोरला भाऊ ताऊ आणि धाकटा चाचा, आपले दोघेही काका. चिनी लोक तर काकांत मोठा-धाकटा वेगळा करतातच, वर कझिनमध्ये दोन वेगळे गट, चुलतभावांचा एक आणि बाकी आते-मामे-मावस सगळ्यांचा दुसरा, आणि त्यात पुन्हा आपल्यापेक्षा मोठा की लहान, मुलगा की मुलगी. त्यांच्यापुढे आपण गरीबच म्हणायचे.

उलटा नमुना हवाई बेटांचा. तिथल्या भाषेत आई, मावशी, आत्या सगळ्यांना एकच शब्द, मकुआहिने, आणि बाप-काका-मामा सगळे मकुआकाने. पण म्हणून नाती ढिली का? भावंडांच्या बाबतीत तेच लोक इतके काटेकोर की बहिणीनं भावाला म्हणायचा शब्द वेगळा, भावानं बहिणीला म्हणायचा वेगळा, आणि भावाभावांत किंवा बहिणीबहिणींत मोठ्याला वेगळा आणि धाकट्याला वेगळा. ज्याला जिथे फरक करायची गरज पडते तिथे तो शब्द करतो, एवढंच.

मराठी_बाणा:

ठीक आहे पण साडूला शब्द नाही हे खरंच ना? :)

मैत्रेयी_क:

ते खरंय. आणि व्याह्यांना पण नाही. पण स्पॅनिशमध्ये व्याह्याला आहे बरं का, कोन्सुएग्रो.

मस्कतवाला:

मामंजीवरून एक भर घालतो, इथे ओमानात बावीस वर्षं झाली. अरबीत काका म्हणजे अम्म आणि मामा म्हणजे खाल, आपल्यासारखेच वेगळे. आमच्या ऑफिसातला एक स्थानिक मित्र सासऱ्यांचा फोन आला की 'अम्मी' म्हणून बोलायचा, अम्मी म्हणजे 'माझे काका'. मला सुरुवातीला वाटायचं आईशी बोलतोय, उर्दूमुळे कानाला तसं बसलेलं. एकदा विचारलं की तुझे काका रोज किती फोन करतात रे, तर म्हणे काका नाहीत सासरे. आणि बायकोचा उल्लेख चारचौघांत करायचा झाला तर जुनी माणसं 'बिंत अम्मी' म्हणतात, काकाची मुलगी, मग ती कुठल्या दुसऱ्याच घरातली का असेना. कारण अरबांत काकाच्या मुलीवर पहिला हक्क.

म्हणजे आपल्या वाघांच्याकडे मामाची पोरगी म्हणून सासरा मामा, इकडे काकाची पोरगी म्हणून सासरा काका. हिशेब तोच, फक्त घर बदललं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे काकाची मुलगी म्हणजे बहीण, तिला आम्ही ओवाळणी घालतो, तर त्याला धक्का बसला, आणि मामाच्या मुलीचं सांगितल्यावर म्हणाला हां मग ठीक आहे, घरातच राहिली.

शब्दवेडी_वैनी:

मस्कतवाला, भारी! आणि रक्ताच्या हिशेबानं बघा, मामेभाऊ काय, मावसभाऊ काय, चुलतभाऊ काय, तिघेही सारखेच, साडेबारा टक्के. तरी एकाशी लग्न आणि दुसऱ्याला भाऊबीज. जीवशास्त्राचा काहीही संबंध नाही याच्याशी.

मला यात कायम आवडणारी जोडी म्हणजे पुतण्या आणि भाचा. एकच पोरगं घ्या, माझ्या भावाचा मुलगा. माझ्या दुसऱ्या भावाचा तो पुतण्या, माझा मात्र भाचा. दोघं सख्खी भावंडं, पोराशी दोघांचं रक्ताचं नातं सारखंच, मग फरक का? आणि माझ्या दिराचा मुलगा, ज्याच्याशी माझं रक्ताचं काहीच नाही, तो माझा पुतण्या! कॉलेजात असताना मला हे फार विचित्र वाटायचं. मग लग्नानंतर एक दिवस हळदीकुंकवाला पानं वाढता वाढता लक्षात आलं, पुतण्या म्हणजे माझ्या घरचा, आडनाव तेच, कुलदैवत तेच. भाचा म्हणजे दुसऱ्या घरचा. लग्न झालं की माहेर हे दुसरं घर, म्हणून भावाचा मुलगा भाचा. मराठी माणूस नातं सांगताना रक्त मोजत नाही, उंबरा मोजतो.

दुसरं म्हणजे मेहुणा. हिंदीवाले बायकोच्या भावाला साला म्हणतात आणि बहिणीच्या नवऱ्याला जीजा, आणि दोघांच्या मानात जमीन-अस्मानाचा फरक, साला तर शिवीच झालीये. आपल्याकडे दोघंही मेहुणेच. हे मला कुणीतरी समजावून सांगा.

टिंब_टिंब:

@शब्दवेडी_वैनी उंबऱ्याचं वाक्य चोरणार आहे, आधीच सांगतो.

मेहुण्याचं मूळ संस्कृत मिथुन-मैथुन, म्हणजे जोडी. आपण 'मेहूण जेवायला बोलवलंय' म्हणतो ना, नवरा-बायकोची जोडी, तेच. आणि तमिळमध्ये मैत्तुनन असा शब्द आहे, त्याचा अर्थ बायकोचा भाऊही होतो, बहिणीचा नवराही होतो आणि आते-मामेभाऊही होतो. दोन घरं जर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मुली देत-घेत असतील तर ही तीन नाती एकाच माणसात येऊन बसतात, मग तीन शब्द कशाला हवेत. उत्तरेत मुलगी देणारं घर खालचं आणि घेणारं वरचं, म्हणून साला खाली आणि जीजा वर. आपल्याकडेही जावयाचे लाड कमी नाहीत पण शब्दानं तरी दोघांना एका पाटावर बसवलंय.

ताईंनी विचारलं होतं जगात अजून कुठे. एक किस्सा सांगतो. अमेरिकेत रॉचेस्टरला लुईस हेन्री मॉर्गन नावाचे वकील होते. त्यांना शेजारच्या सेनेका लोकांच्या नात्यांचा नाद लागला. सेनेकांत मावशीला आईच म्हणतात, काकाला बापच, त्यांची मुलं भाऊ-बहीण, आणि आत्या-मामाची मुलं तेवढी वेगळी. मॉर्गननी मग नात्यांचे मोठाले तक्ते छापून जगभर पाठवले, मिशनऱ्यांना, वकिलातींना, जो सापडेल त्याला. १८५९च्या सुमारास तमिळ मुलखात राहिलेल्या एका मिशनऱ्याकडून माहिती आली आणि बघतात तर तमिळांचा तक्ता जवळजवळ सेनेकांसारखाच. गडी इतका हरखला की त्याने ठरवूनच टाकलं, अमेरिकेतले इंडियन हे आशियातूनच आले, हा घ्या पुरावा. १८७१ साली स्मिथसोनियनने त्याचा जाडजूड ग्रंथ छापला. नात्यांच्या नावांवरून समाज वाचायचा अभ्यास तिथून सुरू झाला, मात्र नात्यांवरून लोकांचं मूळ शोधायचा तो पुरावा काही टिकला नाही. कोलंबसाने त्यांना चुकून इंडियन म्हटलं आणि मॉर्गन जवळपास सिद्धच करायला निघाले होते! फरक एकच पण मोठा, सेनेकांत आते-मामेभावंडांशी लग्न जुळवायची अशी रीत नाही, त्यामुळे तिथे मामंजी नाहीत.

मामंजी सापडतात ते मात्र अगदी अनपेक्षित जागी. प्राचीन चिनीत सून सासऱ्याला जे म्हणायची तो शब्द मामाचा आणि सासूला म्हणायची तो आत्याचा. जशास तसं मामंजी-आत्याबाई. आजच्या चिनीत हे राहिलं नाही.

आणि शेवटचं, हे आपल्याकडे नवीन वादाचं नाहीये. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या लोकांच्या पाच चाली दिल्यात, त्यात बायकोबरोबर जेवणं आणि शिळं खाणं यांच्या रांगेत मामाची किंवा आत्याची मुलगी करणं आहे. उत्तरेकडच्यांच्या पाचांत लोकर विकणं, दारू पिणं, समुद्रप्रवास वगैरे. म्हणतो काय तर ज्याच्या त्याच्या मुलखात ते चालतं, दुसऱ्याच्या मुलखात जाऊन केलं तर दोष. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही शेवटी तेच आलं, भावा-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत धरलंय पण दोघांकडे तशी रूढी असेल तर चालतं.

शंकासुर:

शिळं खाणं आणि मामाची पोरगी एका यादीत =))

वाळव्याचा_वाघ:

शिळ्या भाकरीला नावं ठेवायची नाहीत.

चित्पावन_चहा:

आमच्या कोकणस्थांत मामेबहीण म्हणजे बहीणच, विषय संपला. माझी बायको देशस्थ. लग्न ठरताना तिच्या आजीने सहज विचारलं की तुला मामेबहीण नव्हती का रे, आणि माझ्या आईचा चेहरा असा झाला की चहा तसाच राहिला. दोन्ही घरं पुण्यातच, एक चौक मध्ये.

गारठलेली_पुणेकर:

बापरे, एवढं सगळं! दोन दिवस ऑफिस सांभाळून वाचतेय. पणजीचे मामंजी चीनपर्यंत पोचले हे आईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली पणजी शाळेत नाही गेली पण बघ.

झाडाचं सांगते. मी एकटी, नवरा एकटा, त्यामुळे मुस्तेर, फास्तेर, मुरब्रूर, फारब्रूर चारही चौकोन रिकामे. एवढे शब्द शिकले आणि घालायला माणूस नाही. लेक रडकुंडीला आली, तिच्या मैत्रिणीच्या कागदावर जागा पुरत नव्हती, कारण तिला आई-बाबांखेरीज एक बोनसमम्मा आणि एक बोनसपप्पा पण आहेत. इथे सावत्र आईला बोनस म्हणतात, आपल्या सावत्रसारखी अंगावर येणारी नाही.

मग आम्ही मुस्तेरच्या चौकोनात शेजारीण घातली, लेक तिला मावशीच म्हणते. पण लेकीला तिची सासू पण हवी होती, त्या दोन महिने रोज तिला पेसरट्टू करून घालत होत्या. मावशीची सासू, कुठला चौकोन? मी म्हटलं मुरमुरच्या शेजारी लिही, तर ती नाही म्हणाली, कारण शेजारणीचा मुलगा त्यांना नानम्मा म्हणतो, वडलांची आई, म्हणून ही पण नानम्माच म्हणते. तर गेल्या फारमुरच्या खाली.

सोमवारी बाईंनी कागद बघून विचारलं, हिला दोन फारमुर? मी सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं, माझं स्वीडिश मावशीच्या सासूपर्यंत पोचेना. बाई म्हणाल्या, अच्छा, बोनसफारमुर का?

हो म्हटलं.